गावाचे पान : संकेतस्थळ-रचनेचा पहिला पाठ

हातकणंगले तालुक्याच्या उत्तर सीमेवरून वारणा वाहते, तर दक्षिण भागातून पंचगंगा. या दोन नद्यांमधील कसदार जमिनीवर ऊस उभा राहिला आणि उसामागून सहकार आला. इचलकरंजीत १९०४ साली विठ्ठलराव दातार यांनी पहिला यंत्रमाग बसविला आणि तेव्हापासून त्या नगरीतील मागांचा खडखडाट थांबलेला नाही. हुपरीच्या कारागिरांनी चांदीच्या दागिन्यांना देशभर बाजारपेठ मिळवून दिली. याच तालुक्यातील कुंभोज हे कर्मवीर भाऊराव पाटील यांचे जन्मगाव. हाताने काम करीत शिकण्याचा आग्रह महाराष्ट्रात रुजविणारा हा पुरुष १८८७ साली तेथे जन्मला. अशा उद्यमशील परिसरात नवे यंत्र आले की ते कुतूहलाने हाताळले जाते, यात नवल नाही. संगणकाचेही तसेच झाले.

आज ग्रामपंचायत, शाळा, दूधसंस्था, वाचनालय अशा प्रत्येक संस्थेला स्वतःचे संकेतस्थळ असावे असे वाटते. ते तयार करण्याची जबाबदारी बहुधा गावातील एखाद्या शिक्षकावर, पंचायतीच्या संगणकचालकावर किंवा नुकत्याच महाविद्यालयात जाऊ लागलेल्या मुलामुलीवर येऊन पडते. ही मंडळी नवशिकी असतात. त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो : कोणते सॉफ्टवेअर घ्यावे? या प्रश्नाने आरंभ केला की पुढचे बरेचसे श्रम वाया जातात. असे का होते हे समजण्यासाठी वारणाकाठी घडलेला एक प्रयोग आठवणे उपयुक्त ठरेल.

वारणेचा अनुभव

१९९८ साली पंतप्रधानांनी नेमलेल्या माहिती-तंत्रज्ञान कृतिदलाच्या प्रेरणेने वारणानगर परिसरात ‘वायर्ड व्हिलेज’ या नावाने ओळखला जाणारा प्रकल्प हाती घेण्यात आला. कोल्हापूर व सांगली जिल्ह्यांतील एकमेकांना लागून असलेली सत्तर गावे त्यासाठी निवडण्यात आली. खर्चाचा निम्मा भार केंद्र शासनाने, ४० टक्के राज्य शासनाने आणि उर्वरित १० टक्के वारणेच्या सहकारी संस्थांनी उचलावा, अशी योजना होती. वारणानगर पन्हाळा तालुक्यात असले तरी साखर कारखान्याचे कार्यक्षेत्र हातकणंगले तालुक्यातही पसरलेले आहे. त्यामुळे हा प्रयोग या तालुक्याला परका नव्हता. खेड्यात माहिती केंद्रे उघडावीत, तेथील संगणक कारखान्याच्या कचेरीशी जोडावेत आणि शेतकऱ्याला पीकपद्धती, बाजारभाव, शासकीय योजना अशी सर्व माहिती गावातच मिळावी, ही त्यामागील कल्पना होती. सार्वजनिक इंटरनेट सेवा भारतात १५ ऑगस्ट १९९५ रोजी सुरू झाली, हे ध्यानात घेतले म्हणजे तीनच वर्षांनी असे स्वप्न पाहणाऱ्यांच्या धाडसाचे कौतुक करावेसे वाटते.

पुढे मात्र एक गोष्ट स्पष्ट झाली. केंद्रांतील संगणक मुख्यतः उसाच्या हिशेबासाठी वापरले जात होते. कोणाचा किती ऊस गेला, वजन काय भरले, खताची मागणी किती, रक्कम किती जमा झाली, एवढेच शेतकऱ्याला हवे होते. मायक्रोसॉफ्ट रिसर्च इंडियाच्या संशोधकांनी सात गावांत आठ महिने एक निराळा प्रयोग करून पाहिला : संगणकाऐवजी साध्या मोबाईलवरील लघुसंदेशाने हाच हिशेब कळविण्याची व्यवस्था केली. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासानुसार ही पद्धत अधिक स्वस्त व अधिक सोयीची ठरली आणि शेतकऱ्यांना ती अधिक पसंतही पडली.

यावरून संगणक निरुपयोगी ठरला असा अर्थ काढणे चुकीचे होईल. शेतकरी एक नेमका प्रश्न घेऊन येत होता आणि ज्या साधनाने त्याचे उत्तर लवकर मिळाले ते साधन त्याने आपलेसे केले. संकेतस्थळाच्या रचनेचा पाठ येथूनच सुरू होतो. पान पाहणारा मनुष्य काहीतरी विचारण्यासाठी आलेला असतो. रंग, चित्रे, फिरती अक्षरे यांचा विचार त्या प्रश्नानंतरचा.

आधी प्रश्नांची वही

नवशिक्याने पहिले आठ दिवस संगणकाला हात लावू नये. एक वही घ्यावी आणि पंचायतीच्या कचेरीत बसून येणारा प्रत्येक मनुष्य काय विचारतो ते त्याच्याच शब्दांत टिपून ठेवावे. ‘भाऊसाहेब आज हाईत का?’, ‘पोरीच्या जन्माचा दाखला कवा मिळंल?’, ‘घरपट्टी कुठवर भरायची?’, ‘पाणी आज येणार का नाय?’ असे प्रश्न पुन्हा पुन्हा येत राहतील. आठवड्याच्या शेवटी ते मोजावेत. जो प्रश्न सर्वांत जास्त वेळा आला, त्याचे उत्तर पानाच्या माथ्यावर. जो एकदाच आला, तो तळाशी किंवा दुसऱ्या पानावर. संकेतस्थळाचा आराखडा यापेक्षा फारसा वेगळा नसतो.

पुष्कळ संकेतस्थळांवर मात्र उलटा क्रम आढळतो. प्रथम स्वागताचा मजकूर, मग मान्यवरांची छायाचित्रे त्यांच्या पदांच्या उतरत्या क्रमाने, मग गावाचा इतिहास, आणि दाखल्याची माहिती शोधूनही सापडत नाही. मान्यवरांचा मान राखावा, परंतु तो राखण्याची जागा पानाचा पहिला हातभर भाग नव्हे.

कोणती माहिती द्यावी याबाबत कायदाही मार्गदर्शन करतो. माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ याच्या चौथ्या कलमात प्रत्येक सार्वजनिक प्राधिकरणाने आपण होऊन प्रसिद्ध करावयाच्या १७ बाबी दिल्या आहेत, आणि ही माहिती इंटरनेटसह विविध माध्यमांतून नियमितपणे पुरवावी म्हणजे नागरिकांना अर्ज करण्याची वेळ कमीत कमी येईल, असा त्याच कलमाचा आशय आहे. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ नुसार सेवांची यादी, त्यांची कालमर्यादा, पदनिर्देशित अधिकारी व अपिलीय अधिकारी यांची माहिती जाहीर करावी लागते. वहीतील प्रश्न आणि कायद्यातील बाबी एकमेकांशेजारी ठेवून पाहिल्या तर दोहोंमध्ये बरेच साम्य दिसते. दाखला केव्हा मिळेल हे विचारणारी ग्रामस्थ स्त्री आणि कालमर्यादा जाहीर करा असे सांगणारा कायदा एकच गोष्ट मागत असतात.

उत्तरे लिहिताना भाषा सोपी ठेवावी. ‘सदरहू प्रमाणपत्र विहित नमुन्यातील अर्जान्वये निर्गमित करण्यात येईल’ हे वाक्य टिप्पणीत शोभते. पानावर ‘अर्ज भरून द्या, दाखला इतक्या दिवसांत मिळेल, शुल्क इतके’ एवढेच लिहावे आणि आकडे चालू शासन निर्णयाशी ताडून घ्यावेत.

अक्षर कसे साठते

मराठी पानासमोरची सर्वांत मोठी अडचण लिपीची होती आणि तिचे अवशेष आजही कचेऱ्यांत सापडतात. पूर्वी मराठी टंकलेखनासाठी जे फॉन्ट वापरले जात, त्यांपैकी अनेकांत रोमन अक्षराच्याच जागेवर देवनागरी आकृती बसविलेली असे. संगणकाच्या दृष्टीने तो मजकूर इंग्रजीच राही. डोळ्यांना तो मराठी दिसे इतकेच. तोच फॉन्ट नसलेल्या दुसऱ्या संगणकावर ती धारिका उघडली की अर्थहीन रोमन अक्षरांची रांग समोर येई. असा मजकूर शोधयंत्राला सापडत नाही, अंधांसाठीच्या वाचक-सॉफ्टवेअरला वाचता येत नाही आणि यादी अकारविल्हे लावता येत नाही.

युनिकोड या जागतिक मानकाने हा प्रश्न सोडविला. १९९१ साली त्याची पहिली आवृत्ती निघाली तेव्हापासून देवनागरीला त्यात स्वतःचा १२८ जागांचा विभाग मिळालेला आहे. मराठीचे ‘ळ’ हे अक्षर त्यात स्वतंत्र जागा घेऊन आहे. भारतीय भाषांसाठीचे आपले स्वतःचे राष्ट्रीय मानकही त्याच वर्षी भारतीय मानक संस्थेने स्वीकारले होते, आणि पुण्याच्या सी-डॅक या संस्थेने या क्षेत्रात केलेले काम महाराष्ट्राला अभिमान वाटावा असे आहे.

युनिकोडमध्ये अक्षरे उच्चाराच्या क्रमाने साठविली जातात. ‘हातकणंगले’ हे नाव घ्या. त्यात ह, काना, त, क, ण, अनुस्वार, ग, ल आणि मात्रा अशी ९ चिन्हे एकापुढे एक साठतात. ‘किणी’ लिहिताना पहिली वेलांटी डोळ्यांना ‘क’च्या आधी दिसते, पण साठताना ती ‘क’नंतरच साठते, कारण उच्चारात ‘क’ आधी येतो. जुन्या टंकलेखनयंत्राची सवय असलेल्या लिपिकाला येथे प्रथम अडखळल्यासारखे होते. इनस्क्रिप्ट या प्रमाण कळफलकावर सामान्यतः स्वर डाव्या हाताला व व्यंजने उजव्या हाताला येतात. काही आठवड्यांच्या सरावाने हात बसतो. तोवर मोबाईलवर मराठी लिहिणाऱ्याने तेथेच मजकूर लिहून संगणकावर पाठविला तरी चालेल, कारण युनिकोडमधील मजकूर कोठेही लिहिला तरी सारखाच राहतो.

वेबपानांवर युनिकोड साठविण्याची रूढ पद्धत यूटीएफ-८ या नावाने ओळखली जाते. तिच्यात देवनागरीचे प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेते. म्हणजे ‘हातकणंगले’ हे नाव २७ बाइटचे झाले. दोन हजार चिन्हांचे, म्हणजे गावाची सर्व आवश्यक माहिती सामावेल एवढे पान अवघे ६ हजार बाइट भरते. मोबाईलवर काढलेले एक छायाचित्र सहज ३० लाख बाइट, म्हणजे त्याच्या पाचशे पट असते. ग्रामसभेची सूचना टंकलिखित करून, तिच्यावर शिक्का मारून, तिचे छायाचित्र पानावर चढविण्याची जी प्रथा पडली आहे तिचा हिशेब या आकड्यांवरून करता येईल. सही-शिक्क्याची प्रत हवीच असेल तर ती खाली जोडावी; वर मजकूर मजकूर म्हणूनच द्यावा.

गावाच्या नावाचाही विचार करावा लागतो. हातकणंगले हे नाव रोमन लिपीत लिहिताना कोणी ‘जी’नंतर ‘ए’ लिहितो, कोणी लिहीत नाही. लोकसभा मतदारसंघाच्या नोंदीत ते एका प्रकारे, तर अन्यत्र दुसऱ्या प्रकारे आढळते. पानावर देवनागरी नावाबरोबर रोमन लिपीतील ही दोन्ही रूपे एकदा नमूद केली म्हणजे पुण्या-मुंबईस गेलेला गावकरी कोणत्याही रूपाने शोधो, त्याला पान सापडते.

ताणा आणि बाणा

मजकूर तयार झाल्यावर त्याला खुणा करावयाच्या. या खुणांच्या भाषेला एचटीएमएल म्हणतात. ती शिकण्यास इंग्रजी उत्तम यावे लागते, ही समजूत निराधार आहे. आरंभीच्या पानासाठी दहाबारा खुणा पुरतात आणि शिक्षकाला तर हे काम परिचयाचेच आहे. हा मथळा, हा परिच्छेद, ही यादी, हा तक्ता, असे वहीच्या समासात लिहावे तशा या खुणा मजकुराला लावतात. प्रत्येक खूण कोनी कंसांत लिहिली जाते. मजकुराच्या आधी उघडणारी खूण, आणि मजकूर संपल्यावर तीच खूण तिरकी रेघ घालून मिटणारी. मुख्य मथळ्यासाठी रोमन ‘एच’ व त्यापुढे इंग्रजी एकचा आकडा, पोटमथळ्यासाठी ‘एच’ व दोनचा आकडा, परिच्छेदासाठी ‘पी’, दुव्यासाठी ‘ए’. उघडलेली खूण मिटवावयास विसरणे ही नवशिक्याची नेहमीची चूक. गोठ्याचे दार उघडे राहिल्यावर जसे होते तसाच गोंधळ मग पानभर होतो.

संगणकावर आधीपासून असलेल्या नोटपॅडमध्ये हे सर्व लिहिता येते. धारिकेचे नाव ‘इंडेक्स’, पुढे टिंब आणि एचटीएमएल. साठविताना यूटीएफ-८ हा पर्याय. ब्राउझरमध्ये ती उघडली की पान दिसू लागते. यासाठी इंटरनेटची जोडणी लागत नाही, शुल्क लागत नाही आणि कोणाची अनुमतीही लागत नाही. जुना संगणक असलेल्या जिल्हा परिषद शाळेत सातवी-आठवीची मुले आपल्या गावाच्या विहिरी, यात्रा, जुनी झाडे यांवर अशी पाने तयार करू शकतात. ब्राउझरमध्ये कोणत्याही संकेतस्थळाच्या मुळाशी असलेल्या खुणा पाहण्याचीही सोय असते. चांगली पाने अशी उलगडून पाहणे हा शिकण्याचा जुना व खात्रीचा मार्ग आहे. मुंबईच्या आयआयटीने चालविलेल्या ‘स्पोकन ट्युटोरियल’ उपक्रमात संगणकविषयक ध्वनिचित्र-पाठ मराठीतूनही मिळतात.

धारिकेच्या माथ्यावर दोन गोष्टी विसरू नयेत. पानाची भाषा मराठी आहे हे सांगणारी ‘एम-आर’ ही दोन अक्षरे प्रारंभीच्या खुणेत लिहावी लागतात. ती असल्यावर वाचक-सॉफ्टवेअर मराठी उच्चार निवडू शकते, आणि काही फॉन्टमध्ये ‘ल’ व ‘श’ ही अक्षरे हिंदी वळणाऐवजी मराठी वळणाने उमटतात. मराठी वर्णमालेचे प्रमाण रूप राज्य शासनाने २००९ च्या शासन निर्णयाने निश्चित केले आहे. पानावरील अक्षर त्याला धरून असावे. दुसरी गोष्ट म्हणजे पडद्याच्या रुंदीविषयीची एक ओळ. ती नसेल तर मोबाईल हे पान मोठ्या पडद्याचे समजतो आणि मुंगीएवढ्या अक्षरांत आक्रसून दाखवितो. गावातील बहुतेक लोक पान मोबाईलवरच पाहणार, हे गृहीत धरावे.

खुणा झाल्या की मग रूप. रंग, अक्षरांचा आकार, समास, दोन ओळींतील अंतर यांचे नियम सीएसएस नावाच्या वेगळ्या भाषेत, शक्यतो वेगळ्या धारिकेत लिहावयाचे असतात. ही विभागणी इचलकरंजीच्या कारागिराला सांगावी लागणार नाही. उभे धागे आधी बीमावर भरून मागावर ताणले जातात. आडवा धागा धोट्यातून मागाहून येतो. ताणा ढिला असेल तर नक्षी कितीही सुंदर असो, कापड बसत नाही. खुणांची मांडणी हा पानाचा ताणा होय.

स्वित्झर्लंडमधील सर्न या संशोधनसंस्थेत टिम बर्नर्स-ली यांनी १९९० च्या सुमारास जे पहिले संकेतस्थळ तयार केले, त्यात केवळ मथळे, परिच्छेद आणि दुवे होते. सीएसएसचा पहिला अधिकृत मसुदा १९९६ साली मान्य झाला, म्हणजे त्या वेळी रूपाची भाषा अस्तित्वातच नव्हती. सर्नने ३० एप्रिल १९९३ रोजी हे तंत्र सर्वांसाठी विनामूल्य खुले केले. ते पहिले पान जतन करण्यात आले असून आजच्या मोबाईलवरही ते वाचता येते. त्यानंतर झगमगाट करून उभारलेली किती संकेतस्थळे आज उघडतही नाहीत!

देवनागरीचे रूप देताना इंग्रजी पुस्तकांतील काही सवयी सोडाव्या लागतात. आपल्या अक्षरांना वर मात्रा आणि खाली उकार असतात, म्हणून ओळींमधील अंतर इंग्रजीपेक्षा अधिक ठेवावे. अक्षराच्या उंचीच्या दीडपटीहून थोडे जास्त असले की मजकूर मोकळा वाटतो. अक्षरे एकमेकांपासून दूर करण्याचा नियम लावला की शिरोरेषा तुटते आणि शब्द फुटलेल्या माळेसारखा दिसतो. तिरक्या अक्षरांनी जोर देण्याची रीत मराठीची नव्हे; ठळक अक्षर पुरे. मजकूर व पार्श्वभूमी यांच्या उजळपणातील प्रमाण किमान साडेचारास एक असावे, असा आंतरराष्ट्रीय दंडक आहे. पांढऱ्यावर काळे हे प्रमाण सहज ओलांडते, तर पांढऱ्यावर पिवळे त्याच्या जवळपासही येत नाही. उन्हात, बांधावर उभ्या राहून मोबाईल पाहणाऱ्या माणसासाठी या दंडकाचे महत्त्व अधिकच.

चित्र घातल्यास त्यात काय आहे हे सांगणारे एक वाक्य चित्राच्या खुणेतच लिहावे, म्हणजे दृष्टिहीन व्यक्तीला ते ऐकता येते. दुव्यावर ‘येथे क्लिक करा’ असे लिहिण्याऐवजी ‘घरपट्टीचे दर’ असे लिहावे. भारत सरकारने शासकीय संकेतस्थळांसाठी २००९ साली मार्गदर्शक तत्त्वे जारी केली आणि पुढे ती सुधारली. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ नेही माहिती सर्वांना उपलब्ध असण्यावर भर दिला आहे. या तत्त्वांतील बरीचशी कलमे वर सांगितलेल्या साध्या गोष्टींनीच पाळली जातात.

पुराच्या दिवशी

२०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि पुन्हा २०२१ च्या जुलैमध्ये पंचगंगा, वारणा व कृष्णा या नद्यांना महापूर आला. नदीकाठची गावे वेढली गेली, रस्ते बंद झाले आणि माणसांबरोबर जनावरेही हलवावी लागली. अशा दिवशी गावाच्या पानाची खरी परीक्षा असते. वीज गेलेली, मोबाईलची बॅटरी संपत आलेली, संपर्कयंत्रणा दुबळी. त्या स्थितीत ६ हजार बाइटचे पान उघडते. मोठ्या छायाचित्रांनी भरलेले पान अर्ध्यावर अडकून पडते.

कोल्हापुरात राजाराम बंधाऱ्याजवळ पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट मानली जाते. पावसाळ्यात नदीकाठचा मनुष्य हेच आकडे विचारीत असतो. समजा, पानावर लिहिले : ‘पाणी ४१ फुटांवर’. केव्हा? सकाळी की काल रात्री? वेळ न लिहिलेली ही सूचना काही न लिहिण्यापेक्षा अधिक घातक आहे, कारण तिच्या भरवशावर कोणी गोठ्यातील जनावरे सोडण्यास उशीर करील. म्हणून तातडीच्या सूचनेत दिनांक, वेळ आणि माहिती कोठून मिळाली, या तीन गोष्टी आकड्याच्या शेजारीच लिहाव्यात. त्यानंतर कोणता रस्ता बंद, निवारा कोणत्या शाळेत, जनावरांची सोय कोठे आणि संपर्काचा क्रमांक. तो क्रमांकही चित्रात न देता मजकुरात द्यावा. मोबाईलवर त्याला दुव्याचे रूप दिले की बोट ठेवताच फोन लावता येतो. अफवा व्हॉट्सअ‍ॅपवरून वेगाने पसरतात. अशा वेळी ‘पंचायतीच्या पानावर काय लिहिले आहे?’ असे विचारण्याची सवय गावाला आधीपासून लागलेली असली पाहिजे. ती सवय पूर नसलेल्या दहा महिन्यांत, पाणी केव्हा सुटणार यासारख्या क्षुल्लक वाटणाऱ्या प्रश्नांची खरी उत्तरे दिल्यानेच लागते.

पान प्रसिद्ध करण्यापूर्वी ते गावातील सर्वांत जुन्या मोबाईलवर उघडून पाहावे. नंतर पान तयार करण्यात ज्यांचा हात नव्हता अशा चारपाच व्यक्तींना, त्यांत एखादी वृद्ध स्त्री व एखादा शाळकरी मुलगा असावा, एक एक काम सांगावे : ‘मृत्यूच्या दाखल्याला कोणती कागदपत्रे लागतात ते यातून शोधून काढा.’ शोधणाऱ्याला मध्येच मदत करू नये. त्याचे बोट कोठे थांबते, तो कोणत्या शब्दावर गोंधळतो, हे शेजारी बसून पाहावे. तेथे दोष त्याचा नसतो, पानाचा असतो. अशा अर्ध्या तासाच्या निरीक्षणातून होणारा बोध कोणत्याही अभ्यासक्रमाच्या पुस्तकात सापडत नाही.

काय लिहू नये

सरावाचे पान आणि शासकीय संस्थेचे अधिकृत पान यांत भेद केला पाहिजे. अधिकृत संकेतस्थळ सक्षम प्राधिकरणाच्या संमतीने व शासकीय पत्त्यावर असावे, म्हणजे ज्याचा शेवट ‘जीओव्ही डॉट इन’ असा होतो. उत्साहाच्या भरात कोणी खासगी पत्त्यावर ग्रामपंचायतीच्या नावाने पान उभारले, तर खरे कोणते आणि बनावट कोणते हे ओळखणे ग्रामस्थांना कठीण जाते, आणि घरपट्टीचे पैसे भलत्याच खात्यात जाण्याचा धोका उद्भवतो.

लाभार्थ्यांच्या याद्या प्रसिद्ध करताना आधार क्रमांक, बँक खाते, मोबाईल क्रमांक पानावर जाता कामा नयेत. पारदर्शकता शासनाच्या कारभाराची असते. विधवा स्त्रीचा खाते क्रमांक जगाला दाखविणे म्हणजे पारदर्शकता नव्हे. संसदेने २०२३ साली डिजिटल स्वरूपातील वैयक्तिक माहितीच्या संरक्षणासाठी स्वतंत्र कायदाही केला आहे. शाळेच्या पानावर मुलांची छायाचित्रे नावानिशी देण्यापूर्वी पालकांची लेखी संमती घ्यावी.

शेवटची बाब निगेची. बहुतेक पाने उद्घाटनाच्या दिवशी जशी असतात तशीच वर्षानुवर्षे राहतात. निवडणूक होऊन जाते, सरपंच बदलतात, तरी पानावर जुनेच नाव झळकत असते. प्रत्येक पानाच्या तळाशी ‘शेवटचा बदल’ असे लिहून दिनांक द्यावा. दर सोमवारी दहा मिनिटे पान वाचून पाहण्याचे काम पंचायतीने ठरावाने एका व्यक्तीकडे सोपवावे आणि तिच्या अनुपस्थितीत ते कोण करील हेही त्याच ठरावात नमूद करावे. बदलीच्या वेळी कार्यभार हस्तांतरणाच्या यादीत दप्तर, शिक्के व कपाटाच्या किल्ल्या यांची नोंद होते. संकेतस्थळाचा पत्ता, त्याच्या नूतनीकरणाची तारीख आणि मूळ धारिकांची एक प्रत यांची नोंद त्याच यादीत व्हावी. संकेतशब्द यादीत लिहू नये. तो नव्या व्यक्तीने रुजू होताच त्याच दिवशी बदलून घ्यावा.